काट्याची बाजू

"हा माणूस काटा मारतो!" रद्दीच्या दुकानात बायको कडाडली. "वाण्याकडे बारा किलो भरलेली रद्दी इथे अकरा किलो कशी भरते?"

मी हळूच काट्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांकडे मी चौऱ्याऐंशी किलो भरलो होतो आणि गेल्या रविवारी याच काट्यावर गंमत म्हणून उभा राहिलो, तर चक्क सत्त्याहत्तर! तेव्हापासून मी अख्ख्या बिल्डिंगला सल्ले देत सुटलो होतो. लिफ्ट सोडा, जिने चढा, चहात साखर नको, रात्री आठनंतर तोंड बंद. माझं ऐकून तिसऱ्या मजल्यावरच्या ढवळे वहिनींनी भात सोडला होता. मी मात्र बारीक झाल्याच्या आनंदात रोज दोन वडापाव हाणत होतो.

"अहो, गप्प काय उभे? बोला की त्याला!"

मी घसा खाकरला. "काटा बरोबर आहे. वाण्याचाच चुकत असेल."

बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि ती तरातरा निघून गेली.

रद्दीवाल्याचे डोळे भरून आले. "साहेब, वीस वर्षं धंदा करतोय. माझ्या काट्याची बाजू घेणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघितलं." मग तो माझ्या कानाशी वाकला. "पुढच्या रविवारी काट्यावर किती दाखवू?"

मी दुकानाबाहेर डोकावलो. बायको कोपऱ्यावरून वळली होती.

"पंचाहत्तर," मी म्हणालो. "एकदम सत्तर नको. ढवळे वहिनी पोळ्यासुद्धा सोडतील."