दसऱ्याचा नारळ

डोंबिवलीच्या ऑफिसात नवा मेल सर्व्हर आला, आणि चित्राची मेल शेजारच्या टेबलावरच्या मंदाकिनीला पोचेपर्यंत दुपार उलटायला लागली.

"अरे सुधीर, त्यापेक्षा मी ओरडून सांगते ना तिला!" चित्रा फोनवर करवादली.

सुधीर हा कंपनीचा एकुलता एक कॉम्प्युटरवाला. दिवाळीआधी हे निस्तरलं नाही तर दुसरा माणूस बघतो, असा त्र्यंबकसाहेबांनी त्याला दम भरलेला. बिचाऱ्याने वायरी बदलल्या, मोडेम बदलला, देव पाण्यात ठेवले, आणि अखेर मेख सापडली. सर्व्हर बसलाय डोंबिवलीत, पण नेटवर्कच्या लेखी तो अजून कोलशेतच्या हेडऑफिसातच! म्हणून मंदाकिनीला पाठवलेली प्रत्येक मेल टेलिफोनच्या लायनीवरून आधी कोलशेतला जायची आणि तिथून परत डोंबिवलीला यायची.

दसऱ्याला साहेबांनी हौसेने सर्व्हर आधी कोलशेतला उतरवून घेतला होता. झेंडूचा हार घालून, नारळ फोडून, पहिलं बटण त्यांनी स्वतः दाबलं होतं. जिथे पहिल्यांदा चालू झाला तेच आपलं घर, असं त्या गड्याने धरलं ते धरलंच. नंतर टेम्पोत घालून डोंबिवलीला नेला, तरी ते काही सुटलं नाही.

सुधीर जवळजवळ नाचतच कोलशेतला साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. "साहेब, सापडलं! सगळं पुसायचं आणि सर्व्हर डोंबिवलीत पुन्हा पहिल्यापासून चालू करायचा, की झालं!"

साहेबांनी खूश होऊन त्याची पाठ थोपटली.

"पहिल्यापासून ना? मग दिवाळी पाडव्याचा मुहूर्त आहेच. टेम्पो पाठवतो, आण त्याला इकडे. नारळ मी सांगून ठेवतो."