दोन वर्षांनी लहान

सरकारने मुलांसाठी खरंच काय केलं आणि काय नुसतं कागदावर ठेवलं, हे आकड्यांवरून पकडणाऱ्या संगणकाने एका गावापुढे लाल खूण केली. नोंदी खऱ्या मानल्या, तर तिथल्या एकतीस मुलींना जन्माच्या दोन वर्षं आधीच लस टोचली होती! मुलग्यांच्या तारखा मात्र चोख.

आकडे तपासणारी तरुणी लॅपटॉप काखोटीला मारून थेट त्या गावच्या जन्मनोंदणी कचेरीत धडकली. टेबलामागे निवृत्तीला आलेल्या कारकून बाई चष्मा पुसत बसल्या होत्या.

“मावशी, संगणकाने तुमच्या गावापुढे लाल खूण केलीय. दवाखान्याच्या तारखा बरोबर आहेत. तुमच्याच चुकल्यात. एकतीस वेळा चूक होतेच कशी?”

“चूक नाही ती,” बाई शांतपणे म्हणाल्या. “इथे मुलीला अठरा पूर्ण व्हायचा अवकाश, की बाप लग्नाला उभी करतो. दाखला बघितल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणून दाखला मागायला आले, की मी नोंदीतच प्रत्येकीला दोन वर्षांनी लहान करते. तेवढंच शिक्षण पदरात पडतं.”

“अहो, पण खोटी नोंद आहे ही! मला वर कळवावं लागेल.”

“कळव की. तुझं कामच आहे ते.” बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “फक्त एक सांग, पोरी. मी पंधराची असताना याच टेबलावर माझ्या बापाने मला अठराची करून घेतलं. तेव्हा कुणाकडेच लाल खूण नव्हती का गं?”