कोटाचं माप

लेक सगळ्यांना ब्रो म्हणायची. आजीला ब्रो, नळ दुरुस्त करणाऱ्याला ब्रो, दारातल्या मांजरीलासुद्धा ब्रो. घरी शिवणकाम करणाऱ्या आईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"नऊ महिने पोटात वाढवलं ते ब्रो म्हणवून घ्यायला?"

"अगं ब्रो, त्यात बाई-पुरुष काही नसतं. सगळ्यांना चालतं."

रविवारी लेकीच्या ऑफिसातले चौघे घरी आले. आई आतल्या खोलीत कॉलर शिवत होती, पण कान बाहेरच होते.

"ब्रो, पंखा लाव ना." "ब्रो, सरक जरा."

मग लेकीचा आवाज एकदम मऊ झाला. "तुला ऊन लागतंय का? पडदा ओढू?"

आईचं मशीन थांबलं. टेप गळ्यात अडकवून ती बाहेर आली. खिडकीपाशी एक चष्मेवाला अवघडून बसला होता.

"ऊठ रे बाळा, खांद्याचं माप घेऊ दे."

"कशाला, काकू?"

"कोटाला. लग्न ठरलं की ऐनवेळी फार घाई होते."

लेकीचे कान लालबुंद झाले. "आई, काहीतरीच काय गं!"

आईने शांतपणे टेप त्याच्या खांद्यावर धरली.

"का? काय झालं, ब्रो?"