न्यूटनचं आख्यान

"वाचा आहे का अजून?" त्र्यंबकबुवांनी विचारलं.

"गेली की, बुवा. सोमवारी झटका आला, तवापास्नं शब्द न्हाय," कृष्णातची लेक वर्षाराणी म्हणाली. "हातबी उचलत न्हाय. ऐकू मात्र समदं येतंय आबास्नी."

"अरेरे. काय तयारीचा कीर्तनकार होता!"

"होता की. अठरा वर्षं कुणी गादीवर उभं ऱ्हाऊ दिलं न्हाय." ती उंबऱ्याशीच थांबली होती. "एकदा शिरोळला चला. चार लोकांत एवढंच म्हणा, कृष्णातनं चोरलं न्हाय. तेवढ्यासाठी जीव अडकलाय बघा."

बुवांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "चल."

कलनशास्त्र आधी कुणी शोधलं, यावरून न्यूटन आणि लायब्निझ या दोन थोरांचं हाडवैर झालं. त्यावरचं आख्यान बुवांनी अठरा वर्षांपूर्वी कोल्हापुरात लावलं. आठच दिवसांनी कृष्णात शिरोळात तेच आख्यान घेऊन उभा राहिला. तेच दृष्टांत, त्याच चाली. कीर्तन मंडळाची बैठक बसली. एकीकडं गणिताचे मास्तर असलेले बुवा, दुसरीकडं आख्यानांची वही काखेत घेऊन हिंडणारा, ऊस लावणारा गडी. चहा निवायच्या आत निकाल लागला.

"आवो, त्या दोघास्नी येगयेगळं सुचलंच हुतं की," कृष्णात तेव्हा हात जोडून म्हणाला होता. "तसं आमालाबी सुचलं आसंल. मी बुवास्नी चोर म्हणत न्हाय."

"मंग तू लायब्निझ व्हय रं?" कुणीतरी ओरडलं, आणि बैठक हसत उठली.

शिरोळात अंगण भरलं होतं. खाट सोप्यात. बुवांनी चिपळ्या घेतल्या आणि तेच आख्यान लावलं. वादाच्या चौकशीचा अहवाल न्यूटननं स्वतःच लिहिला, नाव न घालता, इथं आले तेव्हा त्यांनी चिपळ्या थांबवल्या. बायकांनी पदर डोळ्याला लावले. हरिकथेचं सामर्थ्यच तसं.

शेवटी बुवा लोकांकडं वळले. "कृष्णातरावांच्या हातून जे झालं असेल, ते मी पोटात घातलं."

"केवढं मन!" मंडळाचे अध्यक्ष आकाराम म्हणाले.

"आमी माफी कुठं मागितलीया, बुवा?" वर्षाराणी म्हणाली. टाळांत ते विरून गेलं.

श्वास लांबत चालला होता. तिनं बापाच्या ओठांवर तुळशीपत्र ठेवलं.

"बुवा, कानात नाम तुमीच द्या," आकाराम म्हणाले. "सरा रं मागं समदी."

रीतीप्रमाणं सगळे चार पावलं मागं झाले. अंगणात रामकृष्णहरीचा गजर चढला. कृष्णातचे डोळे बुवांच्या तोंडावर खिळले होते, पाण्यानं भरलेले, वाट बघणारे.

बुवा खाटेवर वाकले, त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि ओठ कानाला टेकवून म्हणाले, "मला काहीच सुचलं नव्हतं, कृष्णात. तुझी वही मी वाचली होती."