पलीकडची हाक

"अजिबात हलू नका हं," डॉक्टर जान्हवी म्हणाल्या आणि चुंबकाचं जाडजूड कडं त्यांनी म्हसूच्या डाव्या कानाच्या वर टेकवलं. यंत्र टकटक करू लागलं. सुतारपक्षी खोडाला चोच मारतो तसा एकेक ठोका कवटीत बसत होता.

गेल्या वर्षी पौड रस्त्यावर एका जीपनं म्हसूला आणि त्याच्या बायकोला उडवलं. अंबाबाई जागच्या जागी गेली. म्हसूच्या डोक्याला मार बसला आणि तेव्हापासून कानात रातकिडे ओरडायला लागले, ते आजतागायत. त्यानं झोप उडाली त्याचं म्हसूला काही नव्हतं. त्याला वाटायचं, त्या किरकिरीच्या मागून अंबाबाई हाक मारतेय आणि आपल्यालाच ऐकू येत नाही. वेडेपणाच तो. पण त्याला सांगणार कोण?

ठोके थांबले.

"काही कमी वाटतंय का?"

"कमी कसलं बाई, पार गेलं!" म्हसू कान टवकारून बसला.

"टिकेल का, ते मात्र सांगता येत नाही," डॉक्टर त्याच्या मुलीला, सोनालीला म्हणाल्या. तिला तेवढ्यानंही हायसं वाटलं.

कासार आंबोलीच्या फाट्यावर बापलेक एसटीतून उतरले. सोनाली रस्ता ओलांडून गेली. म्हसू अलीकडंच उभा राहिला.

"आबा, या की! गाडी न्हाई कुटं."

तो हलेना. सोनालीला आठवलं. मेंढरं रस्त्यापार न्यायची तर आई आधी पलीकडं जायची, दोन्ही अंगांना बघायची आणि हाक द्यायची. मगच आबा मागून कळप सोडायचा. त्या दिवशी हाक पुरी व्हायच्या आतच जीप आली होती.

"कान मोकळा झाला गं," म्हसू रडवेला होऊन ओरडला, "तरी बी ती हाक दीना!"

सोनालीला राहवलं नाही. तोंडाशी हात धरून तिनं आईसारखाच सूर लावला.

"येऊ द्याऽऽ!"

म्हसूचा चेहरा उजळला. दोन्ही हात पसरून, पुढं कळप असल्यासारखा, तो झपाझप चालत आला. सोनालीनं त्याला धरायला हात पुढं केला.

"बाजूला हो, पोरी," तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत तो म्हणाला. "तुझी आय दिसंना मला."