दुधीच्या बाजूनं

मतदानाच्या सुट्टीला जोडून चार दिवस कोकणात राहून आलेल्या तनुजानं शहरात मतदान घसरल्याची बातमी वाचली आणि तिला एकदम मुलाची काळजी लागली. उद्या साईही असाच बेफिकीर निघाला तर? त्याच दिवशी तिनं कोथरूडच्या आपल्या फ्लॅटमध्ये लोकशाही आणली. रात्रीची भाजी हात वर करून ठरवायची, प्रत्येकाला एक मत.

पहिल्या संध्याकाळी सहा वर्षांच्या साईनं असं काही भाषण ठोकलं की दुधी पडला आणि बटाटा निवडून आला. नवरा, योगेश, अमेरिकेच्या कॉलवर होता; त्यानं दोन्ही भाज्यांना हात वर केला.

आठवड्याभरात साई कार्टूनसमोरून हलेनासा झाला.

"आई, माझं मत तूच दे ना."

"अरे, अशानंच बुडते लोकशाही! माणसं आळशी होतात, मग सगळं आयतं लागतं."

"पण तू जेवायला देतेसच की!"

तनुजानं त्याचं मत दिलं, दुधीला. योगेशचंही देऊन टाकलं. त्या घरात दुधी इतक्या शांतपणे कधीच शिजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र साई कार्टून अर्धवट सोडून स्वयंपाकघरात आला.

"आई, आज माझं मत मीच देणार. मला दुधी नकोय."

तनुजानं सोललेला दुधी घाईघाईनं ताटाखाली झाकला.

"अरे, तू कशाला उठलास, राजा? कार्टून बघ जा. मी आहे ना!"