बिनतोड

व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होताना तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी संमतिपत्र स्वतःच लिहिले: ‘मी बरा होईपर्यंत मला बाहेर सोडू नये. सुटकेसाठी मी जितका बिनतोड युक्तिवाद करीन, तितकी माझी दारूची ओढ तीव्र समजावी.’

सहाव्या दिवशी ते सिस्टरांसमोर उभे राहिले.

“सिस्टर, तुमचा देव सर्वशक्तिमान ना? मग स्वतःलाही उघडता येणार नाही असं दार त्याला करता येईल?”

“येईल की! त्याला काय अशक्य आहे?”

“मग ते दार उघडणं अशक्य झालं. आणि तसं दार करताच येत नसेल, तर तेच अशक्य. दोन्हीकडून कोंडी! म्हणजे ज्याची सत्ता पूर्ण आहे, त्याला स्वतःला कायमचं बांधून घेता येतच नाही. माझी माझ्यावर पूर्ण सत्ता आहे. तेव्हा ते पत्र मुळातच रद्द. किल्ली द्या.”

“देव नाही म्हणता, आणि कामं मात्र त्याच्याकडूनच काढून घेता, सर!” सिस्टर हसल्या. “पण युक्तिवाद बिनतोड आहे हं.” आणि त्यांनी तक्त्यावर नोंद केली: ‘ओढ अतितीव्र.’

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. “अहो, पण उद्या मी खरंच बरा झालो, तर ते तुम्हाला पटवायचं कसं?”

सिस्टरांनी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचले.

“त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, सर.”